पोटातून आलेलं बी

सूड कसा घ्यावा हे मला मेंढरांनी शिकवलं. आता मेंढरू हे काही सुडाचं जनावर नाही. त्याला लाथ घातली तरी ते दोन पावलं पुढं जाऊन परत गवताला लागतं, आणि दुसऱ्या घासाला मारणाऱ्याला विसरतं. त्यांच्यात वाढूनही तेवढी एक गोष्ट माझ्यात आली नाही. बाकी सगळ्या आल्या. पुढचा चालला की मागं चालायचं, खड्डा दिसला तरी थांबायचं नाही, आणि पडल्यावर सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून ओरडायचं, हे मी जन्मभर इमानानं केलं. आता गुडघे गेलेत, साखर वाढलीय. शाळेतली शिपायाची नोकरी संपवून घरी बसलो त्यालाही बरेच दिवस झाले. सकाळ-संध्याकाळ माळाच्या तारेकडेनं फिरतो आणि गावातले लोक म्हणतात, सखारामभाऊ आताशा फार शांत झाले. म्हणू द्या.

आमचं घर गावाच्या अगदी कडेला, साखरखेर्ड्याच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर. दोन खोल्या मातीच्या, वर पत्रे, आणि पुढं मेंढरांचा वाडा घराच्या चौपट. पाहुणा आला की आधी वाड्यात शिरायचा, मग मेंढरं त्याला घर दाखवायची. सकाळी डोळे उघडायच्या आत कान उघडे व्हायचे. डालग्याखाली झाकलेली कोकरं आयांना हाका मारायची, आया जाळीपलीकडून उत्तर द्यायच्या, आणि त्या सगळ्या गलक्यात मायचा आवाज, "थांब वं बाई, सोडतो वं, तुह्यंच लेकरू हाय का एकटं?" ती मेंढरांशी जितकं बोलायची तितकं आमच्याशी बोलली असती तर आम्ही सगळे वकील झालो असतो. कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यात काशाची घंटी होती. ती बाबाच्या बापानं कुठून तरी आणलेली, एका बाजूला चीर गेलेली, त्यामुळे तिचा आवाज घंटीसारखा नव्हे तर कुणी तरी भरल्या तोंडानं हाक मारल्यासारखा यायचा. तो आवाज अख्ख्या गावाला ओळखीचा होता. "धोंडीबा आला," असं लोक बाबा दिसायच्या आधी म्हणायचे.

खायला कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारीत उडीद दळलेली. तव्यावरून उतरली की ती काळपट, खरबरीत दिसते, आणि तिच्याबरोबर लसणाचा ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार असली की माणूस बोलायचं विसरतो. मेंढी व्याली की तिचा चीक. मेंढीच्या दुधाचा चहा इतका दाट की पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं तो पहिल्यांदा प्यायला तेव्हा त्याला वाटलं जेवण झालं. या सगळ्याला एक वास होता, लोकरीचा आणि लेंड्यांचा, आणि तो माझ्या शाळेच्या शर्टातून कधी गेला नाही. वर्गात माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. मी सगळ्यांना सांगायचो, मी एकटा बसतो कारण मी हुशार आहे. काही दिवसांनी मलाच ते खरं वाटायला लागलं, आणि पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथंच आहे.

माळ गावाच्या वरच्या अंगाला. कागदावर ती ई-क्लास जमीन, सरकारची, गावच्या ढोरांच्या चराईची. आमच्या तोंडी नुसता माळ. खाली मुरूम, वर वीतभर माती, आणि त्या वीतभर मातीला धरून बसलेलं गवत. पवना, मारवेल, कुसळी. कुसळीची कुसळं धोतरात शिरली की बाबा त्यांना शिव्या द्यायचा आणि त्याच तोंडानं गवताची तारीफ करायचा. तित्तर ओरडायचे, ससे पायाखालून उठायचे, वर्षाकाठी एखादं कोकरू लांडगा न्यायचा आणि बाबा म्हणायचा, "त्याचा वाटा होता." माळाच्या पायथ्याच्या विहिरींना वैशाखातही पाणी असायचं. ते का असायचं याचा आम्ही कधी विचार केला नाही. आपला श्वास का चालतो याचा कोण विचार करतं?

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात माळ, आणि उन्हाळ्यात लोकांची वावरं, असं आमचं वर्ष होतं. पिकं निघाली की शेतकऱ्यांचे निरोप यायचे, मेंढरं बसवायला या. मग मोकळ्या वावरात आम्ही दोरीच्या जाळीचा वाडा ठोकायचो. सांजेला मेंढरं आत, सकाळी बाहेर, आणि रोज जाळी थोडी पुढं सरकवायची, म्हणजे खत साऱ्या वावरात सारखं पडतं. त्याबदल्यात ज्वारी मिळायची आणि त्या घरचं जेवण. बाबाला आपल्या मेंढरांच्या खताचा जेवढा गर्व होता तेवढा माझ्या दहावी पास होण्याचा नव्हता. लेंडी हातात घेऊन, फोडून, वास घेऊन तो सांगायचा कोणतं मेंढरू काल काय खाऊन आलं. आणि त्याचा एक कडक नेम होता. वावरात बसवायच्या आधी आठ दिवस कळप बाभळीखाली न्यायचा नाही. बाभळीच्या शेंगा मेंढरं चवीनं खातात, पण बी पचत नाही. रवंथ करताना थुंकतात, नाहीतर लेंडीतून टाकतात, आणि पोटातून आलेलं बी पाणी लागलं की असं उगवतं की माणसाच्या हातानं पेरलेलं त्याच्यापुढं लाजावं. "कोणाच्या वावरात काटे सोडू नाही," बाबा म्हणायचा. "बोलावलं हाय त्यानं आपल्याले."

आता खुर्चीची गोष्ट सांगतो. ती मी बायकोलाही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितली.

गावात अण्णासाहेबांची जमीन सगळ्यात जास्त. नदीकाठची काळी, विहीर, बैल, आणि त्या काळात आमच्या भागातला पहिला ट्रॅक्टर. सोयाबीन नुकतंच आलं होतं आणि ज्याच्या त्याच्या तोंडात तेच होतं. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा, आमच्या मेंढपाळांच्या वस्तीतला एकटा लिहिता-वाचता. एक दिवस अण्णासाहेबांनी मला बोलावलं आणि ओट्यावर बसायला खुर्ची दिली. लाकडी, हाताची, पाठीला वेत. माझ्या घराण्यात खुर्चीवर बसलेला मी पहिला माणूस. बशीत बिस्किटं आली. अण्णासाहेब म्हणाले, "सखाराम, तू शिकलेला गडी. माळावर ढोरांसाठी मोठा हौद बांधायचा हाय. तुमच्या लोकायचे अंगठे घेऊन दे. तुह्यं ऐकतात ते."

सखाराम! सख्या नव्हे. त्यांनी दोन कागद दिले. पहिल्यावर हौदाचा मजकूर होता, तो मी त्यांना तिथंच खड्या आवाजात वाचून दाखवला, जणू त्यांनाच वाचता येत नव्हतं. दुसरा कोरा होता. तो का कोरा, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. पण विचारलं तर याला एवढंही कळत नाही असं दिसलं असतं, आणि मी तर खुर्चीवर बसलो होतो. मी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, ते काढण्यात माझा सवाल राहून गेला. संध्याकाळपर्यंत मी वस्तीतल्या प्रत्येक घरात जाऊन दोन्ही कागदांवर अंगठे घेतले. बाबाचा अंगठा मी स्वतः हातात धरून शाईवर दाबला. तो विचारत होता, "हे दुसरं कशाचं रे?" मी म्हणालो, "कचेरीत लागते, बाबा. तुमाले नाही समजत."

दिवाळीनंतर माळाला तार लागली. कोऱ्या कागदावर वर काय लिहिलं गेलं होतं ते मग कळलं. ही जमीन अण्णासाहेबांच्या वहिवाटीत आहे आणि ती त्यांच्याकडे राहायला आमची हरकत नाही, असं आम्ही सगळ्यांनी आनंदानं कळवलं होतं. ट्रॅक्टर तीन दिवस माळावर फिरला. नांगराच्या फाळानं गवताची मुळं वर आली, पांढरी, केसासारखी, आणि त्यांच्यावर बगळे उतरले. आमचा कळप तारेबाहेर उभा राहून बघत होता. पुढचा मेंढा तारेला डोकं लावायचा, मागं यायचा, परत लावायचा, आणि घंटी वाजत राहायची. हौद अजून बांधला जायचाय.

बाबा बोलायला गेला, मी मागं. या वेळी ओट्यावर खुर्ची नव्हती. अण्णासाहेब म्हणाले, "धोंडीबा, काऊन रागावतं? तुह्याच लेकानं अंगठे आणले. इच्यार त्याले." बाबानं माझ्याकडं पाहिलंही नाही. तो म्हणाला, "मेंढरं कुठी नेऊ जी?"

"इकून टाक न बे! मह्या वावरात कामाले ये, लेकाले घेऊन ये. किती दिवस मेंढरामागं फिरतं? फिरून फिरून तुम्हीबी मेंढरंच झाले." आणि मग माझ्याकडं पाहून हसून, "शिकलेले मेंढरं."

ओट्यावरचे चार-दोन लोक हसले. मीही हसलो. ते मला आजही सगळ्यात जास्त लागतं, की त्या वेळी सगळ्यांबरोबर मीही हसलो.

त्या हिवाळ्यात कळप रस्त्याच्या कडेनं, नाल्याच्या काठानं, मिळेल तिथं चरला. मायची लाडकी मेंढी फवारलेल्या तुरीच्या कडेला तोंड लावून आली आणि वाड्यात फेस गाळत पडली. माय तिच्या तोंडात ताक ओतत होती आणि बोलत होती, "उठ वं, उठ न वं बाई." ती उठली नाही. बाबा म्हणाला, आणखी एक उन्हाळा पाहू. वावरांत बसायला मिळालं तर कळप तगेल, नाहीतर नाही. मी मनात काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात अण्णासाहेबांच्या तीन पिढ्या आल्या होत्या.

आणि चैत्रात निरोप आला तो अण्णासाहेबांचाच. चिंचेच्या वावरात मेंढरं बसवा.

लाज नावाची चीज काही घरांत येतच नाही, हे तेव्हा मला कळलं. पण बाबा उठला आणि जाळी गुंडाळायला लागला. मी म्हणालो, "बाबा, त्याच्या वावरात?" तो म्हणाला, "बोलावलं तं जावं लागते. खत वावराचं असते, मालकाचं नसते." बाबा वावरांना नावानंच ओळखायचा. चिंचेचं, दगडी बांधाचं, दोन विहिरींचं. मालक बदलत, नाव तेच राहायचं. माझ्यासाठी मात्र त्या वावराला एकच नाव होतं. तिथं मला एक खुर्ची दिसत होती, आणि तिच्यावर बसलेला माणूस.

बाबाला त्या दिवसांत कंबरेनं धरलं होतं, कळप मीच न्यायचो. मी आठ दिवसांचा नेम आठही दिवस मोडला, आणि वावरात बसल्यावरही रोज मोडला. नाल्याच्या काठानं बाभळी शेंगांनी लवलेल्या होत्या. लांब काठीला आकडी बांधून मी फांद्या हलवायचो, शेंगा पावसासारख्या पडायच्या, आणि मेंढरं अशी खायची की मला वाटायचं यांनाही कटात घेतलंय. मी त्यांना नावानं हाका मारून खाऊ घालायचो. खा वं, अण्णासाहेबाच्या नावानं. खा, त्याच्या ट्रॅक्टरच्या नावानं. एक शेंग खुर्चीची, एक बिस्किटाची. संध्याकाळी फुगल्या पोटांनी कळप चिंचेच्या वावरात शिरायचा आणि अण्णासाहेबांच्या घरून जेवणाचा डबा यायचा. त्यांच्या बायकोच्या हाताला चव होती, ते कबूल केलं पाहिजे. मी दोन वाट्या वरण जास्त ओरपायचो आणि अंधार पडायच्या आत झोपायचो, एखाद्या संताच्या झोपेनं.

सकाळी जाळी सरकवताना वावरात काळं चमकदार बी पडलेलं दिसायचं, ठिकठिकाणी, जणू कुणी जपमाळा तोडून टाकल्या होत्या. मी ते पायानं मातीत दाबायचो. रोज थोडी जाळी पुढं, रोज थोडा सूड पुढं. बारा दिवसांत आख्खं वावर झालं, एक कोपरा सोडला नाही. मी आयुष्यात कुठलंही काम इतक्या नेटानं केलेलं नाही. बाबा एकदा कंबर धरत आला, एक लेंडी उचलली, फोडायला गेला आणि मी म्हणालो, "बाबा, मायनं चहा ठेवला." त्यानं ती तशीच खाली टाकली.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं शेतीचे करार बदलतात. अण्णासाहेबांचा सगळा जीव आता माळावर होता. बैल, माणसं, ट्रॅक्टर, सगळं तिकडं. जुन्या वावराकडं पाहायला सवड नव्हती. त्यांनी चिंचेचं वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, देऊन टाकलं. हमीदचाचाला.

हमीदचाचा म्हणजे गावातला गाद्या पिंजणारा. बाबाचा जानी दोस्त. आमच्या घरातली एकुलती गादी त्यानं माझ्या जन्माच्या वेळी मायसाठी भरून दिलेली. पिंजणाचं काम कमी होत चाललं होतं, पोरी मोठ्या होत होत्या, म्हणून त्यानं पहिल्यांदाच वावर कसायला घेतलं. अखाजीच्या दिवशी तो आमच्याकडं शिरखुर्म्यासारखं गोड काहीतरी घेऊन आला आणि बाबाच्या गळ्यात पडला. "धोंडीभाऊ, तुमचं खत बसलं होतं म्हणून घेतलं. नाहीतर आपली कुठी हिंमत?"

माझ्या तोंडात तो गोड घास होता. मी तो गिळला की नाही, मला आठवत नाही. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर वेळ होती. वावर उन्हात तापत पडलं होतं, बी वेचता आलं असतं. पण पुन्हा तेच. बोललो तर याला एवढंही कळत नाही असं दिसलं असतं. मी मनाची समजूत घातली की सगळं बी थोडंच उगवतं. मला समजूत घालायला कधीच कोणाची मदत लागली नाही.

सगळं उगवलं. पेरणीनंतर पंधरा दिवसांत कपाशीच्या ओळींत दुसऱ्या ओळी उभ्या राहिल्या, बारीक पिसासारख्या पानांच्या. हमीदचाचा मूठभर रोपं घेऊन आमच्या दारात आला. तेव्हा तो हसत होता. "धोंडीभाऊ, क्या बोलू, तुमच्या मेंढरायनं मह्याआधीच पेरणी केली राव!" बाबानं रोपं हातात घेतली, मुळाला लागलेलं फुटकं बी पाहिलं, आणि मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. अण्णासाहेबांच्या ओट्यावर पाहिलं नव्हतं, ते सगळं त्या एका पाहण्यात होतं.

त्यानं मला मारलं नाही. खुंटीवरचं खुरपं काढलं आणि चालायला लागला. मागं माय, मागं मी. बाभळीचं रोप बोटभर वर आणि हातभर खाली असतं. उपटलं तर तुटतं आणि परत फुटतं. एकेक खणून काढावं लागतं. आम्ही तिघं, हमीदचाचा, त्याची बायको आणि दोन्ही पोरी, आख्खा आषाढ त्या वावरात वाकून होतो. कपाशी चिखलात मागं पडत गेली. बोटं फुटली, नखांत काटे गेले. हमीदचाचा आता हसत नव्हता, पण बोललाही काही नाही. फक्त दुपारी भाकरी सोडताना पहिला तुकडा तो मला द्यायचा, पाहुण्याला द्यावा तसा. शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

बाबा तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलला. खुरपं न थांबवता, माझ्याकडं न पाहता. "सूड घ्यायचा तं माणसाचा घ्या लागते. वावरानं तुह्यं काय केलं होतं बे?"

मी पुढचं रोप खणायला घेतलं. त्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग मात्र मी जपून ठेवला.

अण्णासाहेबांनी आपलं वावर पाहिलं आणि चारही गावांत सांगितलं, धोंडीबाच्या मेंढरांच्या पोटात काटे आहेत. तो माणूस जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होता. पुढच्या उन्हाळ्यात आम्हाला एकही निरोप आला नाही. बाबा रोज सकाळी अंगणात बसून वाटेकडं पाहायचा, जाळी गुंडाळून तयार. माळ तारेत आणि वावरं बंद, मग मेंढरांनी हवेत चरायचं का? साखरखेर्ड्याच्या बाजारात कळप गेला. गाडीत चढताना मेंढरं पुढच्या मेंढ्याच्या मागं मुकाट चढली, खड्डा दिसला तरी न थांबता. बाबानं शेवटच्या क्षणी त्याच्या गळ्यातली घंटी सोडली, धोतराच्या सोग्यात बांधली आणि घरापर्यंत हातानं दाबून आणली, वाजू नये म्हणून. सकाळी आम्हा तिघांनाही सवयीनं लवकर जाग आली. माय बराच वेळ अंथरुणात पडून होती. बोलायला कोणी नव्हतं.

तारेनं आमचा गळा धरला होता, पण तो दाबला मी. बाबा हे कोणाला बोलला नाही. तो पुढं दगडी बांध घालायला जायचा, आणि एके दिवशी बांधावरच बसला तो उठला नाही.

माळाचं काय झालं ते सांगतो, कारण ते सांगायला मला आवडतं. पहिली दोन वर्षं सोयाबीन कंबरेइतकं आलं. अण्णासाहेबांनी त्यात उभं राहून फोटो काढला. मग गवताच्या मुळांनी धरलेली ती वीतभर माती पावसानं हळूहळू नाल्यात नेली. उतारावर आधी चरे पडले, मग घळी, मग मुरूम दात विचकून वर आला. नाला गाळानं भरला आणि त्याचं पाणी पायथ्याच्या वावरांत शिरायला लागलं. विहिरी माघातच तळ दाखवू लागल्या. तित्तर गेले, ससे गेले, लांडग्याला वाटा द्यायला काही उरलं नाही. शेवटी अण्णासाहेबांनी पेरणं सोडलं. तार मात्र काढली नाही. आता त्यांचा मुलगा म्हणतो, तिथं उन्हाची वीज करणाऱ्या काळ्या पाट्या बसवायच्या.

तर मी फिरायला जातो. डॉक्टरनं सांगितलंय. घरी दोन बकऱ्या पाळल्यात, नातवंडांच्या दुधासाठी असं बायकोला सांगितलं, आणि नाल्याच्या काठावरून त्यांना बाभळीच्या शेंगा आणून घालतो. सकाळी त्यांच्या खुंट्याजवळ काळं बी पडलेलं असतं. ते वेचून बिस्किटाच्या डब्यात भरतो. डबा बिस्किटाचाच आहे, त्यात माझी काही चूक नाही. मृगाच्या आधी खिसे भरतो आणि तारेतून हात घालून फेकतो, घळीत, चऱ्यात, मुरमाच्या भेगांत. अकरा पावसाळे झाले. अण्णासाहेबांच्या मुलानं दोनदा मशीन आणून झाडं काढली, जितकी काढली त्याच्या दुप्पट आली. तो मला विचारतो, "काका, एवढ्या बाभळी आल्या कुठून?" मी म्हणतो, "बकऱ्या, पाखरं. कोणाचं काय सांगता येते, बाप्पा?"

गंमत अशी की काट्यांच्या आत आता माती थांबायला लागली आहे. बाभळीच्या बुडाशी मारवेल दिसलं, गेल्या वर्षी पवना. मी काही ते पुण्य करायला गेलो नव्हतो, गैरसमज नसावा. माझा हेतू पूर्वी होता तितकाच वाईट आहे. फक्त या खेपेला वावर चुकलं नाही.

तार एका जागी गंजून पडली आहे. तिथून मी संध्याकाळी बकऱ्या आत सोडतो. त्यातल्या म्होरकीच्या गळ्यात बाबाची घंटी बांधली आहे. माळाच्या कडेला अण्णासाहेबांच्या मुलाचा बंगला आहे आणि ओट्यावर अण्णासाहेब बसलेले असतात, हाताच्या खुर्चीवर. नव्वदीला आलेत. डोळे गेले, कान शाबूत आहेत. बायको म्हणते, आंधळ्या म्हाताऱ्याला छळू नका. मी म्हणतो, मी कुठं छळतो, मी तर फिरतो.

घंटी बांधल्याच्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मान वर केली.

"कोन हाय रे?"

"मी जी, सख्या."

"ते काय वाजून राह्यलं तिकडं?"

मी सांगणार होतो, माझ्या बकऱ्या. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "धोंडीबाची मेंढरं हायेत जी. माळावर चरून राह्यले."

 बाभळींतून ती फुटकी घंटी भरल्या तोंडानं हाक मारत होती. मग त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले.

"धोंडीबा तं मेला न बे?"

"हाव," मी म्हणालो. "म्हणून तं त्याले आता तार आडवत नाही."

त्यांनी पोराला हाक मारून खुर्ची आत घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ते पुन्हा बाहेर येऊन बसले होते, तोंड माळाकडं, कान घंटीकडं. मी तारेजवळ थोडा वेळ उभा राहिलो, मग बकऱ्यांना आणखी जरा पुढं, त्यांच्या ओट्याच्या बाजूला हाकललं.